लॅबमधली टेक्नॉलॉजी घेऊन विद्यापीठाच्या व्हेंचर प्रोग्रामला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार विद्यार्थ्यांची टीम, दोघं पीएचडी करतायत, एक जण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, एक मॅनेजमेंटची विद्यार्थिनी. प्राध्यापकांच्या लॅबमध्ये एक सेन्सर तयार झालाय जो अगदी कमी पातळीचा ओलावा काही सेकंदात मोजतो. विद्यापीठाने टेक्नॉलॉजीवरून कंपनी उभी करायला मदत करणारा प्रोग्राम जाहीर केलाय, तर त्यात जावं का, त्यातून खरंच काही होतं का, की सर्टिफिकेट आणि फोटो एवढंच हाती लागतं.

मी बरीच वर्षं अशा प्रोग्राममध्ये मेंटर म्हणून आणि निवड समितीवर काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

जा, पण प्रोग्राम बघून जा. मी प्रोग्राम एकाच गोष्टीवरून जोखतो: मागच्या बॅचमधल्या किती टीमनी आपण सुरुवातीला धरलेला उपयोग सोडून दिला, किंवा सरळ थांबायचं ठरवलं, आणि असं केल्यावर त्या टीमना प्रोग्रामने कसं वागवलं. ज्या प्रोग्राममध्ये सगळ्याच टीम शेवटच्या दिवशी पहिल्या दिवशीचीच आयडिया अजून चकचकीत स्लाइड करून मांडतात तिथे कुणी काही तपासलेलं नसतं. तुमच्यासारख्या टीमसाठी प्रोग्रामची खरी किंमत हीच आहे की चुकीच्या दिशेने दोन-तीन वर्षं घालवण्याआधी, फारसं काही पणाला लागलेलं नसताना, दिशा बदलायची संधी मिळते.

असं का म्हणतोय ते तुमच्याच सेन्सरवरून बघूया. बहुतेक धंदे कुणाच्या तरी अडचणीपासून सुरू होतात, तुमच्याकडे उत्तर आधी आलंय आणि प्रश्न कुठला ते अजून माहीत नाही. ओलावा मोजणं कुणाला लागतं? लिथियम-आयन बॅटरी बनवतात तिथल्या ड्राय रूममध्ये लागतं, कारण इलेक्ट्रोलाइटमधला क्षार पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं आणि सेल खराब होतो, म्हणून तिथली हवा इतकी कोरडी ठेवतात की दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी किंवा बर्फ होऊन साचायला लागते ते तापमान, उणे ४० डिग्री सेल्सिअस किंवा त्याच्याही खाली असतो. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात लागतं, कारण पाणी वाढलं की इन्सुलेशन कमजोर होतं. नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनमध्ये लागतं, कारण पाण्याने गंज चढतो आणि बर्फासारखे हायड्रेट तयार होऊन लाइन तुंबू शकते. फार्मामध्ये फ्रीझ-ड्राय केलेल्या औषधात किती पाणी उरलंय ते बघावंच लागतं.

लॅबमध्ये बसून बघितलं तर हे सगळं एकच, सेन्सर तोच, फक्त डबी वेगळी. पण प्रत्यक्षात या चार पूर्ण वेगळ्या कंपन्या आहेत. ड्राय रूमवाल्यांकडे दवबिंदू मोजणारे मीटर आधीपासून लावलेले आहेत, त्यांना तुमचा वेग हवाय का, की एकाऐवजी पन्नास जागी लावता येईल असं स्वस्त काही हवंय, हे त्यांनाच विचारावं लागेल. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना काढून लॅबला पाठवायचा आणि कार्ल फिशर टायट्रेशनने पाणी मोजायचं ही जुनी रुळलेली पद्धत आहे, तेलात बसणारे ऑनलाइन सेन्सरही बाजारात आहेत, मग तुमचा सेन्सर गरम तेलात वर्षानुवर्षं टिकेल का हा तिथला पहिला प्रश्न असणार, काही सेकंदांचं तिथे कुणाला कौतुक नाही. फार्मामध्ये एकदा प्रोसेस मंजूर झाली की त्यात बदल करायचा म्हणजे कागदपत्रांचा डोंगर, त्यामुळे आत शिरणं अवघड, पण एकदा शिरलात की सहजासहजी कुणी बाहेरही काढत नाही. खरेदी कोण करतो, सही कोण करतो, किती महिने लागतात, सगळं वेगळं. यातलं काहीच तुमच्या पेपरमध्ये लिहिलेलं नाही आणि गूगल करूनही पुरतं कळत नाही.

म्हणून चांगले प्रोग्राम तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून बाहेर पाठवतात. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ साली आय-कॉर्प्स सुरू केलं, त्याचा पाया म्हणजे त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये स्टीव्ह ब्लँक या उद्योजक-शिक्षकाने शिकवलेला लीन लाँचपॅड कोर्स. तिथला नॅशनल प्रोग्राम साधारण सात आठवड्यांचा, टीममध्ये एक विद्यार्थी किंवा पोस्टडॉक लीड म्हणून, एक प्राध्यापक किंवा टेक्निकल माणूस, आणि एक इंडस्ट्रीतला मेंटर. या सात आठवड्यांत किमान १०० लोकांशी बोलायचं. ५०,००० डॉलरची जी ग्रँट सुरुवातीपासून दिली जायची ती प्रोटोटाइप सुधारण्यासाठी नाहीच, लोकांपर्यंत पोचण्यासाठी. आणि शेवटी टीमने सांगायचं असतं की पुढे जायचं की नाही. ‘नाही’ हेही तिथे पूर्ण उत्तर धरतात. मला हा त्या रचनेतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, कारण संशोधन करणाऱ्या माणसाला रिझल्ट निगेटिव्ह आला तरी तो रिझल्टच असतो हे माहीत असतं, पण स्वतःच्या आयडियाच्या बाबतीत तो हे विसरतो.

आता १०० लोकांशी बोलणं म्हणजे काय, यावर जरा थांबतो, कारण टीम सगळ्यात जास्त गडबड इथेच करतात. जाऊन आपला सेन्सर दाखवायचा, ‘तुम्हाला आवडेल का’ असं विचारायचं, समोरचा म्हणतो वा छान, आणि टीम एक्सेल शीटमध्ये एक हिरवा चौकोन रंगवते. विद्यार्थ्याला तोंडावर नाही म्हणणारा माणूस मी फार क्वचित पाहिलाय, सगळे कौतुकच करतात, त्यामुळे त्या कौतुकातून तुम्हाला काहीही कळलेलं नसतं. सेन्सरचं नावच काढू नका पहिली वीस मिनिटं. शेवटचं कधी ओलाव्यामुळे बॅच गेली ते विचारा, तेव्हा काय झालं, कुणाला फोन गेला, किती वेळ लाइन बंद होती, नंतर काय बदललं. भविष्याबद्दल विचारलं की लोक कल्पना करतात, घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारलं की आठवतात, आणि तुम्हाला आठवण हवीय. जर समोरच्याला असा एकही प्रसंग आठवत नसेल तर तो तुमचा ग्राहक नाही, मग त्याची कंपनी कितीही मोठी असो.

आणि बोलताना कोण कोण आहे ते वेगळं करायला शिका. मीटर रोज वाचणारा टेक्निशियन, त्याच्या रीडिंगवर निर्णय घेणारा प्रोसेस इंजिनिअर, पैसे मंजूर करणारा प्लांट मॅनेजर, आणि क्वालिटीवाला जो नवीन काही आलं की धोका बघतो आणि सगळं अडवू शकतो. विद्यार्थी टीम बहुतेक वेळा फक्त इंजिनिअरशी बोलतात कारण तो आपल्यासारखाच बोलतो, भाषा जुळते, छान गप्पा होतात. अडवणाऱ्या माणसाकडे आधी जा असं मी सांगतो. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी अजून कुणाशी बोलू हे विचारायचं, आणि जर ती बोलणी खरंच कुणाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवत असतील तर तो स्वतःहून तीन नावं देतो. पुढे त्याने आपल्या प्लांटमधला डेटा दिला, नमुने पाठवले, एखादी ट्रायल लावू दिली, तर ते मोजायचं. थोडेसे का होईना पैसे भरून पायलट करायला तयार झाला तर अजून चांगलं. नुसतं लेटर ऑफ इंटरेस्ट, म्हणजे ‘आम्हाला यात रस आहे’ एवढंच म्हणणारं पत्र, सही करून देणं फार सोपं असतं, त्यावर भिस्त ठेवू नका.

उदाहरण द्यायचं तर एम्ब्रेसचं देतो, नवजात बाळाला ऊब देणाऱ्या साधनाचं. स्टॅनफर्डमध्ये अगदी कमी खर्चात बनतील अशा वस्तू डिझाइन करायचा एक कोर्स आहे, त्यात २००७ च्या सुमाराला एका टीमला स्वस्त इनक्युबेटर बनवायचं काम मिळालं, वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी. साहजिक विचार असा की आहे तेच यंत्र घ्यायचं, महाग भाग काढायचे, किंमत खाली आणायची. मग टीममधलं माणूस नेपाळला गेलं आणि दिसलं काय, तर शहरातल्या हॉस्पिटलमध्ये इनक्युबेटर आहेत पण रिकामे आहेत, कारण बाळं जन्मतात लांब गावांमध्ये आणि तिथून वेळेत पोचतच नाहीत. मग ते यंत्र स्वस्त करून काय होणार होतं? त्यातून पुढे स्लीपिंग बॅगसारखं वॉर्मर निघालं, आत मेणासारखा पदार्थ जो वितळताना उष्णता साठवतो आणि परत घट्ट होताना सोडत राहतो, शरीराच्या तापमानाच्या आसपास काही तास टिकतो, सतत वीज लागत नाही. तो प्रवास केला नसता तर त्याच टीमने उत्तम मार्क मिळवणारं, स्वस्त आणि रिकामं राहणारं इनक्युबेटर बनवलं असतं.

स्टॅनफर्डच्याच बायोडिझाइन प्रोग्राममध्ये तर फेलोजना आधी काही बनवूच देत नाहीत, डॉक्टर, इंजिनिअर असे मिळून महिनोन्‌महिने हॉस्पिटलमध्ये नुसतं बघत राहायचं, शेकडो गरजा लिहायच्या आणि मग गाळत गाळत एक-दोनवर यायचं. आयरिदम ही कंपनी तिथून निघाली. हृदयाचे ठोके नोंदवायला पेशंटला वायरींचा होल्टर मॉनिटर एक-दोन दिवस बांधायचे, अधूनमधून होणारा त्रास नेमका त्या दोन दिवसांत होईलच असं नाही, तर यांनी छातीला चिकटणारा पॅच केला जो १४ दिवसांपर्यंत राहतो. ऐकायला साधं वाटतं, पण अडचण नक्की कुठे आहे हे आधी नीट कळल्यामुळे ते साधं झालं.

उलटा रस्ताही असतो बरं का. म्युनिकमधले काही विद्यार्थी एका स्टुडंट कन्सल्टिंग ग्रुपमधून बवेरियाच्या सार्वजनिक ब्रॉडकास्टरकडे काम करत होते, आयटीच्या तक्रारी सुटायला इतके दिवस का लागतात हे शोधायचं होतं. तेव्हा त्यांना प्रोसेस मायनिंग सापडलं, जे विद्यापीठांमध्ये वर्षानुवर्षं संशोधनात होतं, सिस्टिमच्या लॉगमधून काम खरं कुठून कुठे फिरतं ते काढायचं तंत्र. २०११ ला त्यातून सेलोनिस ही कंपनी उभी राहिली. म्हणजे इथे आधी ग्राहक, मग टेक्नॉलॉजी. तुमच्या टीममधली मॅनेजमेंटची विद्यार्थिनी नेमकं हे काम करू शकते, सेन्सर विसरून एखाद्या प्लांटमध्ये महिनाभर बसणं, तिला फक्त पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड, बनवायला ठेवू नका, ही माझी खास विनंती आहे कारण बहुतेक टीममध्ये तेच होतं.

टीमचा विषय निघालाच आहे तर. स्वीडनमध्ये चाल्मर्स विद्यापीठाचं स्कूल ऑफ आंत्रप्रेन्युअरशिप १९९७ पासून चालू आहे, तिथे विद्यार्थ्यांनी स्वतःचीच आयडिया आणायची असं नसतं, संशोधकाचा शोध घेऊन विद्यार्थ्यांची टीम त्याभोवती कंपनी उभी करते आणि संशोधक लॅबमध्येच राहतो. जॉर्जिया टेकचा टायगर प्रोग्राम, २००२ चा, त्यात पीएचडीवाले, एमबीएवाले आणि शेजारच्या एमरी विद्यापीठातले लॉचे विद्यार्थी एका टेबलावर बसवले, आणि पीएचडीच्या संशोधनाचा बाजारात काय उपयोग हे ते मिळून शोधायचे. कायद्याचा विद्यार्थी टीममध्ये असणं ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते, का ते पुढे येईलच.

कारण आता आयपी, म्हणजे शोधाची मालकी आणि पेटंट. कंटाळवाणा भाग आहे म्हणून टीम पुढे ढकलतात, आणि चांगली चाललेली टीम इथेच अडकते.

पहिली गोष्ट, सेन्सर कुणाचा आहे? प्राध्यापकांच्या ग्रँटवर, लॅबच्या उपकरणांवर, रिसर्च असिस्टंट म्हणून पगार घेऊन काम झालंय, तर बहुतेक ठिकाणी मालकी विद्यापीठाची. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यामुळे सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येते, आणि पुढे बऱ्याच देशांनी तसंच काही ना काही केलं. पण सगळीकडे सारखं नाही. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात शोध लावणाऱ्याचीच मालकी राहते. स्वीडनमध्ये शिक्षक-संशोधकाची मालकी ही जुनी पद्धत अजून आहे. नॉर्वेने २००३ मध्ये ती काढून टाकली आणि मालकीत विद्यापीठाचा मोठा वाटा केला, त्यानंतर विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेल्या कंपन्या आणि पेटंट साधारण निम्म्यावर आले असं ह्विडे आणि जोन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ ला दाखवलं. म्हणजे कागदावरचा हा नियम किती खोलवर परिणाम करतो बघा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेलं सॉफ्टवेअर बऱ्याच विद्यापीठांत त्याचंच असतं, त्यामुळे तुमच्या एकाच प्रॉडक्टमध्ये दोन मालक असू शकतात, सेन्सर विद्यापीठाचा आणि त्याचा अल्गोरिदम तुमच्यातल्या एकाचा. हे पहिल्या महिन्यात लिहून काढा, कुणी काय केलं, कुठल्या पैशावर, कधी.

दुसरी गोष्ट, पेटंटआधी बोलू नका. युरोपात पेटंटसाठी शोध आधी जाहीर झालेला चालतच नाही जवळजवळ, अमेरिकेत स्वतःच जाहीर केलं असेल तर एक वर्षाची सूट मिळते. जाहीर म्हणजे फक्त पेपर नाही, कॉन्फरन्सचं पोस्टर, लायब्ररीत ठेवलेला थिसिस, आणि हो, प्रोग्रामचा डेमो डे, म्हणजे शेवटचं जाहीर सादरीकरण, तेसुद्धा, जिथे हॉलमध्ये बसलेल्या कुणीच गोपनीयतेची सही केलेली नसते. दोघं पीएचडी करतायत म्हणजे थिसिसची तारीख जवळ असणार, तर टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिसला, म्हणजे विद्यापीठाचे शोध आणि पेटंट सांभाळणाऱ्या विभागाला, आज मेल करा की सबमिशन कधी आहे आणि त्याआधी किमान प्रोव्हिजनल, म्हणजे पेटंटचा तात्पुरता अर्ज, तरी फाइल होईल का. ग्राहकांशी बोलताना काळजी करू नका, वर सांगितलं तसं त्यांच्या अडचणीबद्दल बोललात तर सेन्सर आत कसा चालतो हे सांगायची वेळच येत नाही.

तिसरी, पेटंटवर शोधक म्हणून नाव टाकणं हा मानपान नाही. दाव्यातल्या कल्पनेत ज्याचा खरा वाटा आहे त्याचं नाव यायलाच हवं आणि ज्याचा नाही त्याचं येता कामा नये, चुकलं तर पेटंटच धोक्यात येऊ शकतं. पेपरवर नाव असणं आणि पेटंटवर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे लॅबमधल्या सगळ्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर मनं दुखावतात.

विद्यापीठाकडून लायसन्स घेताना घाईघाईत पूर्ण लायसन्स मागू नका, आधी ऑप्शन मागा, म्हणजे सहा-बारा महिने हे दुसऱ्या कुणाला देऊ नका, आम्ही बाजार तपासतोय, असा करार. स्वस्तात होतो आणि प्रोग्रामच्या काळाशी जुळतो. पुढे लायसन्समध्ये सुरुवातीची फी, रॉयल्टी, पेटंटचा खर्च, शेअर्स, ठरलेले टप्पे असं सगळं येतं. विद्यापीठाने किती हिस्सा घ्यावा यावर जगभर वाद चालू आहेत, ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी पूर्वी निम्म्यापर्यंत घ्यायचे, २०२१ मध्ये ते २० टक्क्यांवर आणलं. विद्यापीठाचं म्हणणंही समजून घ्या, जोखमीचं संशोधन वर्षानुवर्षं त्यांनी पोसलेलं असतं, आणि कधीतरी एखादं फळतं. स्टॅनफर्डला गूगलच्या लायसन्सपोटी मिळालेले शेअर्स विकून सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले. पण तिथेही, पेजरँकचं, म्हणजे गूगल ज्यावर उभं राहिलं त्या सर्चच्या तंत्राचं, लायसन्स आधी तयार सर्च कंपन्यांना द्यायचा प्रयत्न झाला होता आणि कुणी फारसं मनावर घेतलं नाही, म्हणून विद्यार्थ्यांनीच कंपनी काढली. टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिसशी भांडायच्या पवित्र्यात जाऊ नका, तिथली माणसं थोडी आणि फाइली ढीगभर असतात, दर दोन आठवड्यांनी छोटा अपडेट पाठवणाऱ्या टीमचं काम पुढे सरकतं हे मी सतत बघत आलोय.

आपसातली वाटणी. चौघांत समान पंचवीस टक्के करून मोकळं व्हावंसं वाटेल, करू नका. आधी हे विचारा की डिग्री झाल्यावर कोण राहणार. मोकळेपणाने विचारा, नोकरी घेईन म्हणणाऱ्याला अपराधी वाटू देऊ नका, त्याने आत्ता खरं सांगितलं तर सगळ्यांचं भलं आहे. शेअर्स चार वर्षांत हळूहळू मिळतील आणि पहिलं वर्ष पूर्ण केल्याशिवाय काहीच नाही, ही व्हेस्टिंगची पद्धत सगळीकडे रूढ आहे ती लावा. प्राध्यापक विद्यापीठातच राहणार असतील तर त्यांचा वाटा सल्लागाराचा असावा, संस्थापकाचा नव्हे, नाहीतर पुढे गुंतवणूकदार विचारतो की तीस टक्के धरून बसलेला हा माणूस आठवड्यातून कंपनीला किती तास देतो. हे तुमच्या गाइडशी बोलणं अवघड आहे मला माहितीय, पदवी त्यांच्या सहीवर आहे. म्हणूनच चांगल्या प्रोग्राममध्ये हे बोलणं करून देणारं तिसरं माणूस असतं, आणि हे तुम्ही अर्ज करण्याआधी विचारायला हवं. परदेशी विद्यार्थी असाल तर व्हिसावर कंपनीत काम करता येतं का हेही आधीच बघा.

मेंटरबद्दल. एमआयटीने २००० साली व्हेंचर मेंटरिंग सर्व्हिस सुरू केली, तिथली पद्धत मला सगळ्यात पटते: एका टीमला एक गुरू देण्याऐवजी तीन-चार मेंटर एकत्र बसतात, आणि मेंटरने त्या टीममध्ये आपला आर्थिक स्वार्थ ठेवायचा नाही. एकच मेंटर असला की त्याचा अनुभव हाच नियम होऊन बसतो. तीन असले की ते तुमच्यासमोर एकमेकांशी असहमत होतात, आणि विद्यार्थ्याला त्या असहमतीतून सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, कारण मग निर्णय स्वतः घ्यावा लागतो. पहिल्याच भेटीत शेअर्स मागणाऱ्या मेंटरपासून लांब राहा.

स्पर्धांवर फार लिहीत नाही. एमआयटीची स्पर्धा १९९० मध्ये १०,००० डॉलरची म्हणून सुरू झाली, पुढे ५०,००० आणि मग एक लाखाची झाली. १९९८ ला त्यात अकामाई फायनलपर्यंत पोचली, जिंकली नाही, आणि तरी इंटरनेटवरचा कंटेंट जगभर पोचवणारी मोठी कंपनी झाली. स्पर्धेला जा, डेडलाइनमुळे काम होतं, लोक भेटतात. फक्त सहा स्पर्धांसाठी सहा वेगवेगळे डेक बनवण्यात सेमिस्टर घालवू नका.

तुमच्यासाठी अजून एक गोष्ट महत्त्वाची आहे, वेळ. सॉफ्टवेअरची टीम तीन महिन्यांच्या उन्हाळी अ‍ॅक्सेलरेटरमध्ये खरंच काहीतरी विकू शकते, एमआयटीचा डेल्टा व्ही तसाच आहे, शेअर्स न घेता उन्हाळाभर टीमला पूर्णवेळ काम करू देतो. पण सेन्सर, मटेरियल, बॅटरी, औषध अशा गोष्टी तीन महिन्यांत बाजारात येत नाहीत आणि तसा आव आणायला लावणारा प्रोग्राम तुमचं नुकसान करतो. लॅबमध्ये काचेखाली चालणारा सेन्सर आणि प्लांटमध्ये धूळ, कंपन, तापमान सहन करून वर्षभर कॅलिब्रेशन न सोडणारा सेन्सर यांच्यात बरंच अंतर असतं. नासाच्या टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान किती तयार झालंय ते सांगणाऱ्या, पट्टीवर १ ते ९ असे टप्पे आहेत, तुम्ही बहुधा तीन-चारवर असाल, आणि चार ते सात या टप्प्याला संशोधनाची ग्रँटही मिळत नाही आणि गुंतवणूकदारही येत नाही. यासाठी वेगळ्या प्रकारचे प्रोग्राम आहेत. ईटीएच झुरिचची पायोनिअर फेलोशिप साधारण दीड वर्षासाठी १,५०,००० स्विस फ्रँक देते, नुकतंच शिक्षण संपलेल्यांना लॅब न सोडता प्रॉडक्टपर्यंत जाता यावं म्हणून. बर्कले लॅबमध्ये २०१४ ला सायक्लोट्रॉन रोड सुरू झाला, पुढे त्यातून अ‍ॅक्टिवेट ही संस्था आली, शास्त्रज्ञाला दोन वर्षं पगार आणि लॅब मिळते. तर आधी सात-दहा आठवड्यांचा ग्राहक शोधणारा प्रोग्राम आणि तिथून उत्तर चांगलं आलं तर अशी लांब पल्ल्याची फेलोशिप, हा क्रम तुमच्या टीमला बसतो असं मला वाटतं. सगळ्यांनी पीएचडी सोडून उडी मारायची काहीच गरज नाही, एकाने फेलोशिपवर पूर्णवेळ जायचं आणि दुसऱ्याने थिसिस पूर्ण करायचा असंही चालतं.

थांबण्याबद्दलही बोलायला हवं, कारण विद्यार्थी याला फार घाबरतात. ऐंशी लोकांशी बोललात आणि चारही बाजारांत ‘आहे ते पुरतं’ असंच ऐकू आलं, तर थांबा आणि ते लिहून काढा. लॅबसाठी तो रिपोर्ट अमूल्य असतो, कारण पुढच्या ग्रँटमध्ये कुठली स्पेसिफिकेशन गाठली तर उद्योगाला फरक पडेल हे त्यात असतं. मी मेंटर केलेल्या एका टीमने असंच थांबायचं ठरवलं, प्लांटवाल्यांना सेन्सरचा वेग नको होता, वर्षभर हात न लावता चालणं हवं होतं. लॅबने पुढचं संशोधन टिकाऊपणावर वळवलं आणि नंतर वेगळ्या विद्यार्थ्यांनी तेच घेऊन परत अर्ज केला. हे प्रोग्रामच्या आकडेवारीत बंद पडलेली टीम म्हणूनच दिसतं, म्हणून निव्वळ किती कंपन्या निघाल्या या आकड्यावरून प्रोग्राम निवडू नका.

अर्ज करण्याआधी प्रोग्राम मॅनेजरला भेटा आणि मागच्या बॅचमधल्या दोन टीमचे संपर्क मागा, एक जी चालू आहे आणि एक जी थांबली. थांबलेल्या टीमचा संपर्क द्यायला का-कू केली तर तिथेच समजून जा. मिळाला तर त्यांना विचारा की दर आठवड्याला काय करायला लावायचे, आयपीसाठी कुणी मदत केली, मेंटर वेळेवर यायचे का, आणि प्राध्यापकांशी वाटणीचं बोलणं कुणी करून दिलं. शेअर्स घेतात का, घेतले तर कशाच्या बदल्यात, हे लेखी मागा. या कामाचं अभ्यासक्रमात क्रेडिट मिळतं का बघा, कारण क्रेडिट नसेल तर परीक्षा आल्या की टीम विरघळते.

आणि निकाल यायची वाट बघत बसू नका. कागदावर एक वाक्य लिहा, ज्यात उपयोगाचं नाव नाही, फक्त सेन्सर काय करतो: किती कमी ओलावा, किती वेळात, कुठल्या तापमानाला, किती आकारात, अंदाजे किती खर्चात. त्यातला कुठला आकडा आजच्या उपकरणांपेक्षा खरंच वेगळा आहे त्याखाली रेघ मारा. मग वर सांगितलेल्या प्रत्येक क्षेत्रातले चार-पाच जण शोधा, तुमच्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी पहिले, आणि चौघांनी दोन दोनच्या जोडीने जा, एक जण बोलेल, एक लिहून घेईल. सुरुवात ट्रान्सफॉर्मरपासून करा असं मी म्हणेन, तिथली माणसं वेळ देतात आणि आजची पद्धत कुठे तोकडी पडते हे स्पष्ट सांगतात. पहिल्या दहा मुलाखती झाल्या की नोट्स घेऊन परत विचारा, तेव्हा मला जास्त नेमकं सांगता येईल.